घडी कुणी घालायची?

कागदाचे फुलपाखरू ही बालवाडीतली इतकी सर्रास कृती आहे की तिच्यावर वेगळा विचार करावा असे फारसे कुणाला वाटत नाही. चौकोनी कागद घ्यायचा, मधोमध घडी घालायची, घडीला धरून एका बाजूचे पंख कापायचे आणि कागद उघडायचा. पावसाळ्यात मुलांना वर्गात रमवायला, घरी आलेल्या चिमुरड्यांना गुंतवून ठेवायला, भिंत सजवायला ही कृती हमखास उपयोगी पडते. मात्र या चार पायऱ्यांपैकी कोणती कुणी करायची, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. पुष्कळ वर्गांत आणि घरांत त्याचे उत्तर आधीच ठरलेले असते. ताई किंवा आई घडी घालते, रेघ मारते, कापून देते. मुलाने त्यावर टिकल्या चिकटवायच्या आणि रंग भरायचा. कात्रीची भीती, वेळेची टंचाई आणि नीटनेटकेपणाची हौस यांतून ही वाटणी झाली आहे. माझे म्हणणे असे की ती उलटी आहे. या कृतीत मुलाने शिकण्यासारखे जे काही आहे, ते घडी, काप आणि उघडणे या तीन क्षणांत आहे. टिकल्या लावणे हा त्यानंतरचा साजशृंगार. आपण मुलाकडून काम काढून घेतो आणि त्याला फक्त सजावट सोपवतो.

हे म्हणणे नीट कळायचे तर घडीवर थोडे रेंगाळायला हवे. घडीच्या कागदात एक चमत्कारिक अट असते : पूर्ण आकार हवा असेल तर अर्धाच कापायचा. कापताना हातात जे दिसते ते फुलपाखरासारखे मुळीच दिसत नाही. ३ या आकड्यासारखा दोन फुगवट्यांचा एक तुकडा दिसतो. तो उघडल्यावर काय होईल याचा अंदाज बांधायचा, मग उघडून तो ताडून पाहायचा, आणि अंदाज चुकला तर पुढच्या कागदावर कापायची वाट बदलायची. पंखाच्या मध्ये एक छोटे भोक पाडले तर उघडल्यावर दोन भोके दिसतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, घडीपासून सारख्याच अंतरावर. भोक ऐन घडीवर पाडले तर मात्र एकच, आणि तेही मधोमध. मोठ्यांना यात नवल वाटत नाही, कारण ही गोष्ट त्यांच्या अंगवळणी पडलेली असते. चार वर्षांच्या मुलाला ती दर वेळी नव्याने शोधावी लागते, आणि शोधताना ते जे करते त्याला दुसरे नाव नाही : ते विचार करते.

मुलांच्या मनाविषयी जे संशोधन झाले आहे, त्यातले दोन निष्कर्ष इथे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. मार्क बोर्नस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवले की चार महिन्यांची बाळेसुद्धा उभ्या अक्षाभोवती सममित असलेल्या आकृत्या इतर आकृत्यांपेक्षा लवकर ओळखीच्या करून घेतात. म्हणजे डावी-उजवी बाजू सारखी असणे डोळ्यांना फार लवकर भावते. दुसरीकडे, जस्टिन हॅरिस, नोरा न्यूकोम आणि कॅथी हर्श-पासेक यांनी २०१३ मध्ये चार ते सात वर्षांच्या मुलांना मनातल्या मनात कागद दुमडायला सांगणारी चाचणी दिली. कागद प्रत्यक्षात हलवायचा नाही; चित्र पाहून दुमडल्यावर तो कसा दिसेल ते ओळखायचे. लहान मुलांना ते जमले नाही, आणि साडेपाच वर्षांच्या आसपास जमू लागल्याचे दिसले. सममिती डोळ्यांना काही महिन्यांतच भावते आणि मनात घडी घालता यायला पाच-साडेपाच वर्षे लागतात, तर मधल्या काळात ती कुठे असते? माझ्या मते ती हातात असते. जी घडी मनाला घालता येत नाही, ती हाताला घालता येते. बालवाडीचा काळ नेमका हाच आहे. या वयात मुलाच्या हातून घडी काढून घेणे म्हणजे त्याच्याकडचे एकमेव साधन काढून घेणे होय.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. कागद दुमडल्यामुळेच पुढे मनात घडी घालता येते, असे हे दोन अभ्यास सिद्ध करत नाहीत. पहिला बाळांच्या नजरेविषयी आहे, दुसरा मोठ्या मुलांच्या कल्पनाशक्तीविषयी; मधला दुवा मी तर्काने जोडतो आहे. पण हा तर्क हवेतला नाही. भूमितीच्या शिक्षणाला ही वाट जुनी माहीत आहे. फ्रीडरिश फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीतल्या बाड ब्लांकनबुर्ग इथे लहान मुलांसाठी संस्था काढली, तिलाच पुढे किंडरगार्टन हे नाव मिळाले. मुलांच्या हातांसाठी त्यांनी जे उद्योग आखले, त्यांत कागद दुमडणे, कापणे आणि विणणे यांना मानाचे स्थान होते. या कागदकामावरून सुचून मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्ये कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे एक इंग्रजी पुस्तक लिहिले. पट्टी आणि कंपास बाजूला ठेवून केवळ घड्यांच्या रेषांनी समभुज त्रिकोण, बहुभुजाकृती आणि वक्ररेषा कशा मिळवता येतात हे त्यात आहे. फेलिक्स क्लाइन यांच्यासारख्या गणितज्ञाने त्याची दखल घेतली आणि १९०१ मध्ये त्याची अमेरिकी आवृत्ती निघाली. बालवाडीतली घडी आणि गणितज्ञाची घडी एकाच जातीची असते, हे एका भारतीय लेखकाने सव्वाशे वर्षांपूर्वीच दाखवून दिले होते.

परंतु फ्रोबेल यांचीच गोष्ट पुढे वाचली की दुसरा धडा मिळतो, आणि तो तितका सुखाचा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत किंडरगार्टनची चळवळ जगभर पसरली आणि तिच्याबरोबर कागदकामही पसरले. पण पुष्कळ ठिकाणी त्याची कवायत झाली. शिक्षिकेने आज्ञा द्यायची, सगळ्या मुलांनी एकाच वेळी एकच कोपरा दुमडायचा, पुढच्या आज्ञेची वाट पाहायची. जॉन ड्युई यांच्यासारख्या शिक्षणविचारकांनी अशा अनुकरणप्रधान कामावर टीका केली, ती याचसाठी. जपानमध्ये तर कागद दुमडण्याची स्वतःची जुनी परंपरा होती. लग्नात साकेच्या पात्रांना कागदाची नर-मादी फुलपाखरे बांधण्याची रीत तिथे होती, आणि इहारा सायकाकू या कवीच्या १६८० मधल्या एका रचनेत दुमडलेल्या फुलपाखरांचा उल्लेख सापडतो. १८७६ मध्ये टोकियोत पहिले सरकारी बालमंदिर निघाले तेव्हा फ्रोबेल यांचे युरोपी कागदकाम तिथे पोहोचले आणि या जुन्या परंपरेला येऊन मिळाले. या सगळ्यातून एवढे निश्चित कळते की कागदाचे फुलपाखरू आपोआप गुणकारी नसते. तीच घडी एका वर्गात शोध असते आणि दुसऱ्या वर्गात हुकूम. फरक पडतो तो निर्णय कुणाच्या हातात आहे यावर.

माझ्या भूमिकेवर पहिला आक्षेप मुक्त कलेच्या बाजूने येईल, आणि तो गंभीर आहे. ही मंडळी म्हणतील की मुळात फुलपाखरू तरी कशाला सांगायचे? मुलाला कागद द्या, रंग द्या, आणि बाजूला व्हा. त्याला जे करायचे ते ते करील. या मताला भक्कम आधार आहे. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ च्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात तयार आकृत्यांत रंग भरायला लावण्यावर कडक टीका केली होती. मोठ्यांनी काढलेले नेटके चित्र मुलाला सांगते की तुझे स्वतःचे चित्र अपुरे आहे, असा त्यांचा रोख होता. अलीकडचा पुरावाही त्याच दिशेने जातो. एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांना एक खेळणे दिले. त्याच्यात निरनिराळ्या करामती लपवल्या होत्या. ज्या मुलांना मोठ्या माणसाने मुद्दाम शिकवण्याच्या आविर्भावात एक करामत दाखवली, ती मुले तेवढीच करत राहिली. ज्यांना ती योगायोगाने दिसली किंवा दाखवलीच नाही, त्यांनी जास्त वेळ शोधाशोध केली आणि इतर करामतीही शोधल्या. शिकवणे ही दुधारी गोष्ट आहे, हे त्यातून दिसते.

मग मी फुलपाखराचा आग्रह का धरतो? कारण साचा आणि घडी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि मुक्त कलेचे समर्थक त्यांना एका तराजूत घालतात. साच्यात उत्तर मोठ्यांनी ठरवलेले असते; रेघेच्या बाहेर गेलेला हात चुकलेला ठरतो, आणि चूक दाखवणारा माणूस जवळ उभा असावा लागतो. घडीत उत्तर कुणीच ठरवलेले नसते. कागद फक्त एक नियम पाळतो : इकडे जे कराल ते तिकडेही होईल. त्या नियमाच्या आत पंख लांबट, गोल, दातेरी, फाटके कसेही होऊ शकतात. आणि मुलाने उघड्या कडेच्या ऐवजी घडीची कडच कापून टाकली तर फुलपाखराचे दोन तुकडे होतात. त्या वेळी ताईने काही बोलण्याची गरज उरत नाही. काय झाले ते कागदच सांगतो. मारिया मॉन्टेसरी यांनी आपल्या साहित्यात हाच गुण मुद्दाम आणला होता : चूक मुलाला वस्तूतूनच कळावी, शिक्षकाच्या तोंडून नव्हे. घडीचा कागद हे फुकटात मिळणारे असेच साहित्य आहे. त्याची अट असते, पण त्या अटीत कुणाची आवड-नावड मिसळलेली नसते. पूर्ण मोकळ्या कागदावर मुलाला असा प्रामाणिक विरोध भेटत नाही, आणि विरोधाशिवाय अंदाज बांधण्याचे कारणही पडत नाही. म्हणून बोनाविट्झ यांचा निष्कर्ष मी माझ्या विरुद्ध मानत नाही. त्यातून एवढेच शिकावे की ताईने तयार फुलपाखरू नमुना म्हणून समोर टांगू नये. घडीचा कागद द्यावा, काही तरी कापून बघा म्हणावे, आणि पहिल्या काही कागदांतून फुलपाखरू निघाले नाही तरी हरकत घेऊ नये.

दुसरा आक्षेप याच्या अगदी विरुद्ध टोकाचा असतो, आणि आपल्याकडे तोच जास्त ऐकू येतो : एवढ्या लहान मुलांना हे जमणार कसे? तीन वर्षांच्या मुलाला कडेला कड जुळवता येत नाही, कात्री धरता येत नाही. त्याला एकटे सोडले तर कागदाचा चोळामोळा होईल. निरीक्षण बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा. जे पूर्ण जमत नाही ते पूर्णच करून देणे हा एकमेव मार्ग नसतो. डेव्हिड वूड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी १९७६ मध्ये तीन, चार आणि पाच वर्षांच्या मुलांना एकवीस लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला दिला आणि मदत करणाऱ्या व्यक्तीने काय करायचे ते ठरवून दिले : शक्य तितके मुलालाच करू द्यायचे, अडल्यावरच हात घालायचा आणि जमू लागताच तो मागे घ्यायचा. तिन्ही वयांना लागणारी मदत वेगवेगळी निघाली. तीन वर्षांच्या मुलांना सांगून फारसा उपयोग झाला नाही. त्यांना करून दाखवावे लागले आणि कामात धरून ठेवावे लागले. चार वर्षांच्या मुलांना शब्दांची आठवण पुरली. पाच वर्षांची मुले मुख्यतः आपले बरोबर आहे ना एवढे विचारायला येत. फुलपाखराला हेच लागू पडते. तीन वर्षांच्या मुलासाठी ताईने कडा जुळवून धराव्यात आणि घडी दाबण्यासाठी बोट मुलाचे फिरवावे. काप म्हणजे कडेला कात्रीच्या एक-दोन चिरा, तेवढ्या पुरेत. चार वर्षांच्या मुलाला जाड वळणाची वाट कापता येते, त्याला फक्त घडीची कड कोणती हे विचारून आठवण द्यावी. पाचव्या वर्षी पुष्कळांना ही मदतही लागत नाही. तिन्ही मुलांची फुलपाखरे वेगळी निघतील, आणि तसेच व्हायला हवे.

तिसरा आक्षेप पालकांचा असतो : शाळेची फी भरायची ती लिहिणे-वाचणे यावे म्हणून, कागद कापत बसण्यात वर्ष गेले तर पहिलीत मूल मागे पडेल. हा आक्षेप उडवून लावणे सोपे, पण न्यायाचे नाही. चढाओढीच्या शाळांत मूल घालणाऱ्या आईवडिलांची धास्ती खरी असते. त्यांच्यापुढे हाताची रचना ठेवावी. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेची असतात, क्ष-किरणांच्या चित्रात ती सहसा दिसतही नाहीत, आणि पुढे वर्षावर्षाने एकेक हाडाचे रूप घेत जातात. शेवटचे हाड तर साधारण नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान दिसू लागते. हाडे पक्की झाल्याशिवाय अक्षर गिरवताच येत नाही असा याचा अर्थ नाही, पण चौथ्या वर्षी दोन ओळींच्या वहीत तासभर कैद केलेल्या हाताकडून आपण काय मागतो आहोत याची कल्पना त्यावरून येते. कात्री उघडताना-मिटताना अंगठा आणि बोटे परस्परांविरुद्ध काम करतात, दुसरा हात कागद फिरवत राहतो, घडी दाबताना बोटाच्या टोकाने नेमका जोर द्यावा लागतो. पेन्सिल धरणाऱ्या हाताला हेच लागते. डेव्हिड ग्रिसमर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मोठ्या सर्वेक्षणांच्या आधारे दाखवले की लहानपणीचे बोटांचे कौशल्य आणि पुढची वाचन-गणितातली प्रगती यांच्यात संबंध आढळतो. हा संबंध आहे, कारण-परिणाम सिद्ध झालेला नाही. फुलपाखरू कापले की गणित येते असे कुणी पालकांना सांगू नये. पण कागदकाम म्हणजे वाया गेलेला वेळ, हे म्हणायलाही पुरावा नाही.

पालक आणि शाळा यांच्यात खरी गफलत होते ती पुढच्या पायरीवर, म्हणजे फुलपाखरू तयार झाल्यावर. शाळेला ते भिंतीवर लावायचे असते, त्याचा फोटो पालकांच्या गटात पाठवायचा असतो, एखादी स्पर्धा घेऊन प्रमाणपत्रे वाटायची असतात. एकदा हे सुरू झाले की ताईचा हात नकळत कागदाकडे वळतो, कारण वाकडे फुलपाखरू फोटोत वाकडेच दिसते. यातले बक्षिसाचे प्रकरण तर उघड धोक्याचे आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये ज्यांना चित्रे काढायला मुळातच आवडते अशी बालवाडीची मुले निवडली. काहींना आधी सांगितले की चित्र काढलेस तर सुंदर प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना ते नंतर अचानक दिले. काहींना काहीच दिले नाही. पुढे एक-दोन आठवड्यांनी रंगांची पेटी पुन्हा समोर ठेवली तेव्हा, प्रशस्तिपत्रकाच्या आशेने चित्र काढलेल्या मुलांनी इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रांना दिला. बक्षिसाने त्यांच्या आवडीतूनच काहीतरी कमी केले. यावर कुणी म्हणेल, मग भिंतीवर काही लावायचेच नाही का? लावावे. पण कोणते फुलपाखरू लावायचे हे मुलाने ठरवावे, फाटलेलेही लावू द्यावे, आणि पालकांना दाखवताना त्याखाली एखादे वाक्य लिहावे : हे उघडल्यावर दोन तुकडे झाले, म्हणून दुसऱ्यांदा घडी उलट धरली. अशी ओळ वाचणारा पालक आपल्या मुलाने काय केले ते समजू शकतो. नुसती रांगेत लावलेली सारखी फुलपाखरे त्याला फक्त ताईचा हात किती सफाईदार आहे एवढेच सांगतात.

सर्वांत वजनदार आक्षेप अंगणवाडीच्या उंबरठ्यावरून येतो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि आज खेड्यापाड्यांत लहान मुलांचे पहिले शिक्षण अंगणवाडीच्या सेविकेच्या हातात आहे. तिच्यावर पोषण आहार आहे, वजनाची नोंद आहे, लसीकरणाच्या दिवसाची धावपळ आहे, मोबाइलवर भरायची माहिती आहे. मदतनीस एकच. अशा वर्गात प्रत्येक मुलाला कात्री कुठून आणायची, आणि आणली तरी ती कात्री सांभाळायची कुणी? हा प्रश्न साधनांच्या वाटपाचा आहे, त्याला मानसशास्त्राचे दाखले देऊन उत्तर मिळत नाही. पण उत्तराचा एक भाग आपल्याच इतिहासात आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या वारली पाड्यांपर्यंत नेले, तेव्हा मॉन्टेसरींची महागडी साधने तिथे परवडणार नव्हती. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी पाने, बिया, शंख-शिंपले, माती अशा हाताशी असलेल्या वस्तूंतून साधने घडवली. पद्धत सोडली नाही, साहित्य बदलले. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून जी खेळणी केली, त्यांतही हाच विचार दिसतो. कागदाच्या फुलपाखराला हा विचार लावला तर कात्री नसणे ही अडचण राहत नाही : कागद फाडता येतो. जुन्या वर्तमानपत्राची घडी घालून बोटांनी हळूहळू फाडलेले पंख उघडले तर तितकेच सममित निघतात. शिवाय वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटते आणि दुसऱ्या दिशेने वेडेवाकडे, कारण कागद तयार होताना त्याचे तंतू एका दिशेला झुकतात. मुलांना हे दोन-चार पाने फाडल्यावर आपोआप कळते. फाडकामात दोन्ही हातांच्या चिमटीचे काम कात्रीपेक्षा काही कमी होत नाही. दुकानातून काही आणायला लागत नाही, आणि तीस मुलांना एकाच वेळी बसवता येते.

साहित्याची निवडही वाटते तितकी गौण नाही. जाड कार्डशीट लहान बोटांना दुमडत नाही आणि मग घडी मोठ्यांनाच घालावी लागते. पतंगी कागद देखणा असतो, पण ओल्या हाताला चिकटून फाटतो. घोटीव कागद किंवा पाठकोरा वहीचा कागद घडी चांगली धरतो आणि चुकला तरी मन हळहळत नाही. कात्री द्यायचीच तर बोथट टोकाची द्यावी, आणि डावखुऱ्या मुलाकडे वेगळे लक्ष ठेवावे. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली की पाती एकमेकांपासून फाकतात आणि कापायची रेघ पात्याआड जाते. अशा मुलाला आपण अडाणी ठरवतो. दोष कात्रीचा असतो. कागदाच्या नासाडीची तक्रार पर्यावरणवादी पालक करतात, तिचेही उत्तर इथेच मिळते : लग्नपत्रिका, जुनी कॅलेंडरे, वर्तमानपत्रे एवढी साठलेली असतात की बालवाडीला नवा कागद क्वचितच लागावा. उलट चकचकीत फोमचे तयार पंख विकत आणायचे आणि त्यांवर प्लॅस्टिकचे खडे चिकटवायचे, ही रीत जास्त कचरा करते आणि शिकवत काहीच नाही.

एक आक्षेप निसर्गप्रेमींचा उरतो. खरी फुलपाखरे असताना कागदाची कशाला? महाराष्ट्राने २०१५ मध्ये नीलवंत या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला; असे करणारे ते देशातले पहिले राज्य. त्याचे काळे मखमली पंख आणि त्यांवरचे निळे पट्टे कोणत्याही घोटीव कागदात येणार नाहीत. आणि कागदाचे फुलपाखरू तर सरळ खोटे सांगते : त्याचा एकेका बाजूचा पंख अखंड असतो, म्हणजे पंख दोनच, खऱ्याला वेगवेगळे चार, त्याच्या डोक्यावर हसरा चेहरा असतो, पायांचा पत्ताच नसतो, अळीचा तर मुळीच नाही. ही तक्रार मला मान्य आहे, पण तिच्यावरून कागद सोडून देण्याचे कारण दिसत नाही. कागदाचे फुलपाखरू हे माहितीचे चित्र नाही, ते सममितीचे साधन आहे. माहितीसाठी मुलाला कढीपत्त्याच्या रोपाजवळ न्यावे. कॉमन मॉर्मन नावाच्या फुलपाखराच्या अळ्या तिथे वाढतात. लहानपणी त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात आणि मोठेपणी हिरव्यागार होतात. रुईच्या झाडावर पट्टेदार अळ्या दिसतात, त्यांचीही फुलपाखरे होतात. आणि ज्याने स्वतः घडी घालून पंख कापले आहेत, त्या मुलाला खऱ्या फुलपाखरात काय पाहायचे ते थोडे जास्त कळते. ते विचारते की दोन्ही बाजूंचे ठिपके सारखे आहेत का, हे खालचे पंख कुठून आले, याला पाय किती. या शेवटच्या प्रश्नाने ताईचीही परीक्षा होते, कारण काही फुलपाखरांत पुढचे दोन पाय इतके आखडलेले असतात की चालताना चारच दिसतात. असा प्रश्न आला की पुढच्या आठवड्यातल्या घडीत मूल आपणहून चार पंख कापण्याचा प्रयत्न करील. ते आपण सांगण्याची घाई करू नये.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये तीन ते आठ वर्षांचा टप्पा पायाभूत मानला, २०२२ च्या आराखड्याने त्या टप्प्यासाठी खेळ आणि कृतींवर भर दिला, आणि २०२३ मध्ये जादुई पिटारा नावाची साहित्याची पेटीही आली. दिशा योग्य आहे. परंतु कृतींची यादी लांबवल्याने फ्रोबेल यांच्या उद्योगांचे जे झाले तेच पुन्हा होऊ शकते, आणि या वेळी ते फोटोसह होईल. सेविका आणि बालवाडीच्या शिक्षिका यांच्या प्रशिक्षणात नव्या कृती शिकवल्या जातात. प्रत्येक कृतीतला कोणता भाग मुलाचा आहे आणि तिथे हात कसा आवरायचा, याचा सराव मात्र क्वचितच करून घेतला जातो. तो सोपा नाही. समोर चुकीच्या कडेवर कात्री लागलेली दिसत असताना गप्प बसणे प्रशिक्षित माणसालाही जड जाते. प्रशिक्षणाच्या एका दिवसात शिक्षिकांनाच एखादी अनोळखी घडी द्यावी, अडल्यावर दुसऱ्याने ती हातातून काढून घेऊन पूर्ण करून द्यावी, आणि मग त्यांना विचारावे की काय शिकलात. उत्तर एका वाक्यात मिळेल.

पालकांसाठी कसोटी याहून सोपी आहे. मूल शाळेतून फुलपाखरू घेऊन आले की ते सुंदर आहे का, हे पाहण्याआधी त्याला एक कोरा कागद द्यावा आणि असेच आणखी एक कर म्हणावे. घडी कशी घालायची हे त्याला ठाऊक असेल, तर शाळेने आपले काम केले आहे, मग आणलेले फुलपाखरू कितीही वेडेवाकडे असो. ठाऊक नसेल, तर पुढच्या सभेत शाळेला विचारण्याजोगा एक नेमका प्रश्न आपल्या हाती आला. आणि घरी कागद कापायला बसल्यावर तोच प्रश्न प्रत्येक आईवडिलांनी स्वतःलाही विचारायला हवा.